मालवणच्या हिरव्या पाण्यात ॲक्शन कॅमेरा: माझी तयारी

दिवाळीच्या पंधरा दिवस आधी मला तीन-चार मेसेज ठरलेले असतात. ताई, आम्ही तारकर्लीला चाललोय, कॅमेरा घेतलाय, पाण्याखाली सेटिंग काय ठेवू? दरवेळी मी फोनवर बसून लांबच्या लांब उत्तर टाइप करते, मग पुढच्याला तेच परत, म्हणून म्हटलं एकदा नीट सगळं लिहूनच काढूया.

आधी एक गोष्ट सांगते कारण बाकी सगळं त्याच्यावर अवलंबून आहे. यूट्यूबवर पाण्याखालच्या शूटिंगचे जे व्हिडिओ बघून आपण सेटिंग शिकतो ना, ते मालदीव नाहीतर लाल समुद्रातले असतात, तिथे तीस मीटर लांबचं दिसतं आणि पाणी निळंशार असतं. आपलं मालवणचं पाणी हिरवं आहे. त्यात प्लवक म्हणजे तरंगणारे बारीक जीव असतात, कर्ली नदी आणि बाकीच्या खाड्यांचा गाळ असतो, आणि नोव्हेंबर ते फेब्रुवारीतल्या चांगल्या दिवशीही पाच-सात मीटर लांबचं दिसलं तर आम्ही खूश असतो. याचा अर्थ आपला समुद्र कमी आहे असं अजिबात नाही, सिंधुदुर्ग किल्ल्यामागच्या खडकांवर माशांची जेवढी गर्दी असते तेवढी मला बऱ्याच स्वच्छ पाण्यातही दिसलेली नाही. पण त्या पाण्यासाठीची तयारी वेगळी लागते, आणि लोक मालदीवची सेटिंग टाकून उतरतात, वर येऊन हिरवा रस्सा बघतात आणि कॅमेऱ्याला शिव्या घालतात.

कॅमेरा कोणता हा प्रश्न मी पटकन संपवते. तुमच्याकडे आहे तो चालेल. गोप्रो हीरो ५ ब्लॅकपासून पुढचे हीरो ब्लॅक नुसते, म्हणजे केसशिवाय (केस म्हणजे कॅमेऱ्यावर बसणारी, पाणी न शिरणारी डबी), १० मीटरपर्यंत वॉटरप्रूफ आहेत. डीजेआयचा ऑस्मो ॲक्शन ४ नुसता १८ मीटर आणि ॲक्शन ५ प्रो २० मीटरपर्यंत जातो. डाइव्ह केस घातली की हे सगळे ६० मीटरला चालतात, आणि तेवढं खोल आपल्यापैकी कोणी जाणार नाहीये, ओपन वॉटर म्हणजे स्कूबाच्या पहिल्या कोर्सची मर्यादाच १८ मीटर आहे. मालवणला जे पर्यटकांचं स्कूबा चालतं ते तर बहुतेक दहाच्या आतलंच.

मग केस कशाला? हा पुढचा मेसेज असतो. दहा मीटर हा आकडा नवीन कॅमेऱ्याचा आहे, शांत पाण्यात धरलेल्या. दर दहा मीटरला एका वातावरणाचा दाब वाढतो, म्हणजे दहा मीटरवर कॅमेऱ्यावर जमिनीपेक्षा दुप्पट दाब असतो, आणि तो सगळा दाब बॅटरीच्या त्या छोट्याशा दारामागच्या रबराच्या पट्टीवर येतो. ते दार तुम्ही वर्षभर चार्जिंगसाठी उघडलंय, खिशातली धूळ त्यात गेलीय, बीचवरची वाळू गेलीय. वाळूचा एक कण पुरतो. स्नॉर्केलिंगला नुसता कॅमेरा घ्या, काही हरकत नाही, दार मात्र आधी ओल्या फडक्याने पुसून, बोटाने दाबून क्लिक आवाज ऐकून. स्कूबाला माझ्या मते केस लागतेच.

आता माझी गोष्ट. काही वर्षांपूर्वी बाबांना पहिल्यांदा पाण्याखाली नेलं होतं. बाबा तेव्हा बासष्टचे, आयुष्यभर समुद्र काठावरूनच पाहिलेला माणूस. माझ्याकडे तेव्हा जुना कॅमेरा होता, जो स्वतः वॉटरप्रूफ नव्हता, सगळी भिस्त केसवर. सकाळचा माझा डाइव्ह झाला, बॅटरी निम्म्यावर आली होती, बाबांच्या वेळी संपायला नको म्हणून मी बोटीवरच केस उघडून बॅटरी बदलली. डोक्याचे केस ओले, वेणी खांद्यावरून पुढे आलेली. केस बंद केली, तीनदा दाबून पाहिली, घट्ट बसलेली. खाली गेलो, बाबा दोन्ही हात पसरून खडकापाशी आले, पट्ट्यापट्ट्यांचे सार्जंट मेजर मासे त्यांच्या चष्म्यासमोर, आणि मला कॅमेऱ्याच्या काचेमागे खालच्या कोपऱ्यात पाण्याचा एक थेंब हलताना दिसला. मग दोन झाले. वर येईपर्यंत तळाला बोटाच्या पेराएवढं पाणी साचलं होतं. केस उघडल्यावर कळलं, ओ-रिंगवर, म्हणजे दारातून पाणी अडवणाऱ्या रबराच्या कड्यावर, माझ्या डोक्याचा एक केस आडवा पडला होता. एकच, काळा, पांढऱ्या रबरावर स्पष्ट दिसत होता.

कॅमेरा गेला. कार्ड मात्र वाचलं, गोड्या पाण्यात धुऊन दोन दिवस सुकवलं आणि त्यात बाबांची चाळीस सेकंदं निघाली. ती चाळीस सेकंदं आजही घरात कोणी आलं की लावली जातात.

तेव्हापासून माझा नियम आहे, बोटीवर केस उघडायची नाही. बॅटरी पूर्ण भरून लावायची, क्लिप छोट्या घ्यायच्या, दोन डाइव्ह एका बॅटरीत काढायचे. अगदीच उघडावी लागली तर आधी डोकं टॉवेलने बांधायचं, हात कोरडे करायचे, केस उलटी धरून म्हणजे तोंड खाली करून उघडायची म्हणजे वरचं पाणी आत गळत नाही.

ओ-रिंगचं काम मी आदल्या रात्री करते, जेवण झाल्यावर, लॉजच्या खोलीत पंखा बंद करून. पंखा बंद कारण पंख्याने धागे उडतात. टेबलावर कागद पसरायचा, टॉवेल नाही, टॉवेल लव सोडतो. मोबाईलचा टॉर्च तिरका लावायचा. रिंग काढता येणारी असेल तर प्लास्टिकच्या कार्डाच्या कोपऱ्याने उचलायची, सुई किंवा नखाने नाही, एक बारीक ओरखडा पडला की ती रिंग बाद. मग दोन बोटांत धरून हळूहळू फिरवायची, डोळ्यांपेक्षा बोटाला आधी कळतं कुठे खरखर लागतेय ते. खाच कोरड्या कापसाच्या काडीने पुसायची आणि मग काडीचाच कापूस मागे राहिलाय का ते बघायचं. ग्रीस सांगितलं असेल तरच लावायचं आणि तेही रिंग नुसती चमकेल इतकंच. जास्त ग्रीस लावलं की सील चांगलं होतं असं लोकांना वाटतं, उलट होतं, चिकटपणामुळे सगळी धूळ तिथेच बसते. आणि रिंग सिलिकॉनची असेल तर तिला सिलिकॉन ग्रीस चालत नाही, ती फुगते, म्हणून केसबरोबर आलेला कागद आधी वाचा.

नवीन केस असेल तर कॅमेरा न घालता आत एक टिश्यू पेपर ठेवायचा, बंद करायची, आणि बादलीत दगडाखाली दाबून अर्धा तास ठेवायची. बाहेर काढून पुसून उघडायची, टिश्यू कोरडा म्हणजे पास. बादलीत काय कळणार असं वाटेल, पण गळती बहुतेक पहिल्या दोन-तीन मीटरमध्येच होते, खाली गेल्यावर पाण्याचा दाबच दार आणखी घट्ट बसवतो. म्हणून उडी मारल्यावर लगेच खाली जाऊ नका, पृष्ठभागाखाली हातभर थांबून काच नीट बघा, बुडबुड्यांची बारीक रांग निघतेय का ते बघा. निघत असेल तर तिथूनच कॅमेरा बोटीवर परत द्यायचा.

दुसरी कटकट म्हणजे काचेवर वाफ धरणं. कोकणातली हवा दमट, ती केसमध्ये बंद होते, कॅमेरा चालू झाला की आत गरम होतं आणि बाहेर पाणी थंड, मग काचेवर आतून धुकं. सगळा डाइव्ह पांढरा. यावर उपाय सोपा आहे, कॅमेरा केसमध्ये घालायचं काम एसी खोलीत करा, एसीची हवा कोरडी असते, आणि सिलिका जेलच्या पातळ पट्ट्या मिळतात त्या कॅमेऱ्याच्या बाजूला सरकवा, फक्त पट्टीचं टोक ओ-रिंगवर येत नाहीये ना ते बघा. बोटीवर कॅमेरा उन्हात फळीवर ठेवू नका. ओल्या टॉवेलात गुंडाळून सावलीत.

आता सेटिंग. वायफाय, जीपीएस, आवाजावर चालणारी कमांड सगळं बंद, पाण्याखाली यातलं काही चालत नाही आणि बॅटरी खातं. टचस्क्रीन लॉक करा, पाणी लागलं की स्क्रीन आपोआप कुठेतरी दाबली जाते आणि केसमध्ये तर स्क्रीनला हातच लागत नाही, म्हणजे जे काय ठरवायचं ते वरच ठरवायचं. एका बटणात रेकॉर्डिंग सुरू होईल असं ठेवा. आणि लाल दिवा! सगळ्यात जास्त फुटेज यामुळे जातं, गळतीमुळे नाही. माणूस चालू समजून बंद करतो आणि बंद समजून चालू, आणि घरी आल्यावर वीस मिनिटं स्वतःच्या मांडीचं शूटिंग असतं. दर वेळी बटण दाबलं की दिवा बघायचा, सवय लागेपर्यंत.

रिझोल्यूशन मी ४के ठेवते, ३० फ्रेम. मासे पळणारे असतील तर ६०, मग घरी स्लो करता येतं, पण ६० ला प्रत्येक फ्रेमला उजेड कमी मिळतो आणि आपल्या पाण्यात उजेडाचीच बोंब आहे. आयएसओची, म्हणजे कॅमेरा उजेड किती वाढवून घेतो त्याची, वरची मर्यादा मी ८०० ला बांधते, स्वच्छ पाण्यात ४००. ती मोकळी सोडली तर कॅमेरा अंधार भरून काढायला वाटेल तितका चढवतो आणि चित्र वाळू सांडल्यासारखं दाणेदार होतं. लेन्स वाइड. जमिनीवर वाइडमध्ये कडा वाकतात म्हणून लोक लिनियर ठेवतात, पण पाण्यात सपाट काचेमुळे प्रकाश वळतो आणि कॅमेऱ्याला दिसणारा भाग आधीच आवळतो, वस्तू साधारण पाव अंतराने जवळ आणि एक तृतीयांशाने मोठ्या दिसतात, म्हणून वाइडच बरं. गोप्रोच्या सुरुवातीच्या एचडी हीरोच्या केसला पुढे फुगीर काच होती आणि पाण्याखाली सगळं धूसर यायचं, मग सपाट काचेची वेगळी केस आणावी लागली, तेव्हापासून बहुतेक डाइव्ह केस सपाटच.

स्थिरता म्हणजे स्टॅबिलायझेशन चालू ठेवा, फक्त ढगाळ दिवशी किंवा कपारीत कडा थरथरायला लागल्या तर बंद करा.

रंगाचं प्रकरण जरा समजून घेण्यासारखं आहे. पाणी लाल रंग आधी गिळतं, पाच मीटरपर्यंत बराचसा गेलेला असतो, मग नारिंगी, मग पिवळा. म्हणून निळ्या पाण्यात लोक लाल फिल्टर लावतात. आपल्या हिरव्या पाण्यात लाल फिल्टर लावला की चित्र मातकट होतं, तिथे मजेंटा म्हणजे जांभळट गुलाबी फिल्टर लागतो, हिरव्याला तोच काटतो. पण खरं सांगू का, मालवणला मी कोणताच लावत नाही. फिल्टर उजेड खातो, आणि आधीच कमी असलेला उजेड आणखी कमी करून मी आयएसओ वाढवून घेणार, त्यात फायदा काय? नेत्राणीला, म्हणजे मुरुडेश्वरहून जातात ते बेट, किंवा अंदमानला गेलात तर लाल फिल्टर जरूर न्या, पण तोही पाच मीटरच्या खाली गेल्यावर लावायचा, वर लावलात तर सगळे लालबुंद.

व्हाइट बॅलन्स, म्हणजे कॅमेऱ्याने पांढरा कशाला मानायचं ते, मी ५५०० केल्विनला लॉक करते. ऑटो ठेवला तर ढग आला की रंग बदलतो, मासा जवळ आला की परत बदलतो, आणि एकाच क्लिपमध्ये तीन रंग असले की घरी दुरुस्त करताना जीव जातो. लॉक केलेली क्लिप सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखीच हिरवी असते, ती एकदाच दुरुस्त करायची. कॅमेऱ्यात १०-बिट, म्हणजे रंगाच्या जास्त छटा साठवणारं रेकॉर्डिंग, असेल तर ते चालू करा, हरवलेला लाल ओढून काढायला जागा मिळते. मी डाविंची रिझॉल्व्ह या एडिटिंगच्या सॉफ्टवेअरच्या फुकट व्हर्जनमध्ये लाल वाढवते, हिरवा थोडा उतरवते, बस. फार ओढलं की वाळू गुलाबी दिसायला लागते, तिथे थांबायचं.

लाइटबद्दल सगळे विचारतात. आंबोली घाटात धुक्यात हाय बीम लावून बघितलाय कधी? समोर पांढरी भिंत उभी राहते ना, तेच पाण्याखाली होतं. लाइट लेन्सच्या डोक्यावरच बसवला की पाण्यातला प्रत्येक कण चमकतो आणि बर्फ पडल्यासारखं दिसतं. म्हणून लाइट वापरायचाच तर दोन मुठींच्या ट्रेवर, बाजूला लांब हातावर, आणि तोंड थोडं बाहेरच्या दिशेला वळवलेलं, म्हणजे उजेडाची फक्त कड विषयावर पडते आणि लेन्ससमोरचं पाणी अंधारात राहतं. नवीन असाल तर लाइटवर पैसे घालू नका. सकाळी दहा ते बाराच्या मध्ये उतरा, सूर्य पाठीमागे घ्या.

आणि जवळ जा. सगळ्या सेटिंगपेक्षा याचा फरक मोठा आहे. पाणी पाच मीटर दिसत असेल तर मी हातभर ते फार तर मीटरभर अंतराच्या पलीकडचं काही घेतच नाही. कॅमेरा आणि माशामध्ये जितकं पाणी कमी तितका रंग जास्त, धार जास्त. फक्त या कॅमेऱ्यांचा फोकस ठरलेला असतो, वीतभराच्या आत गेलात की धूसर, त्याहून जवळ जायचं तर वेगळी मॅक्रो लेन्स लागते. हळू जायचं, श्वास सोडत, माशाच्या बाजूने, वरून नाही. मासा पळाला तर पाठलाग करायचा नाही, शेपट्यांचे व्हिडिओ कोणी बघत नाही. एका खडकापाशी पाच मिनिटं निश्चल थांबा, ते आपणहून येतात.

इथे मला एक मनापासून सांगायचंय. काही ठिकाणी व्हिडिओत मासे भरपूर दिसावेत म्हणून पाण्यात ब्रेड टाकतात. पर्यटकच मागतात म्हणून टाकतात, तेव्हा तुम्ही मागू नका, टाकत असतील तर नको म्हणा. ब्रेड हे त्यांचं खाणं नाही, आणि खडकावरचं शेवाळ खाऊन प्रवाळ मोकळं ठेवणारा मासा पावाची वाट बघत बसला तर ते काम कोण करणार? सिंधुदुर्ग किल्ल्याच्या भोवतीचा हा भाग १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, २९.१२ चौरस किलोमीटरचं, आणि कठीण प्रवाळ वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, त्याचा तुकडा उचलून आणणंसुद्धा गुन्हा आहे. म्हणूनच मला लांब सेल्फी स्टिक पाण्याखाली आवडत नाही. टोक कुठे लागतंय ते आपल्याला कळत नाही, आणि आपल्या बोटाएवढा प्रवाळ वाढायला वर्षं लागतात.

हातात धरायला काय, तर स्नॉर्केलिंगला तरंगणारा पिवळा-केशरी दांडा, हातातून सुटला तर वर येतो. नुसता कॅमेरा दगडासारखा खाली जातो. स्कूबाला तरंगणारा दांडा नको, तो सारखा मनगट वर ओढतो आणि सुटला तर तुम्ही खाली आणि तो वर. तिथे छोटी मूठ आणि स्प्रिंगची दोरी, दोरीचं दुसरं टोक जॅकेटच्या कडीत. किल्ल्यामागे बोट थांबली की आमचा नेहमीचा गाइड पहिली गोष्ट विचारतो, "ताईनू, दोरी बांधलास मां?" आणि स्वतः एकदा ओढून बघितल्याशिवाय उडी मारू देत नाही. खाली गेलेले किती कॅमेरे त्याने वर आणून दिलेत आणि किती सापडलेच नाहीत ते तोच जाणे.

पहिल्यांदाच स्कूबा करणार असाल तर मात्र कॅमेरा बोटीवर ठेवा. मी हे कितीही वेळा सांगितलं तरी लोकांना पटत नाही. पहिल्या वेळी कान मोकळे करायचे असतात, तोंडाने श्वास घ्यायचा असतो, डोकं त्यातच गुंतलेलं असतं, आणि गाइड तसंही तुमचं शूटिंग करतोच. कोर्स केलेल्यांनीही पाण्यात एका जागी स्थिर राहता येईपर्यंत थांबावं. पोटाखाली वाळू उडवत जाणाऱ्याचं फुटेज तर खराब होतंच, पण मागून येणाऱ्या सगळ्यांचंही होतं.

तारीख निवडताना पंचांग बघा. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, पाण्याला ओढ असते आणि तळ ढवळतो. अष्टमीच्या आसपास भांग असतो, पाणी कमी चढतं-उतरतं, गाळ बसतो. त्यातही भरती पूर्ण होत आलेली असताना बाहेरचं स्वच्छ पाणी आत आलेलं असतं. पाऊस लागला की सगळं बंदच.

आवाजाबद्दल कोणी विचारत नाही, पण मी सांगते. केस घातली की आवाज दबतो, स्वतःचे बुडबुडेच ऐकू येतात. पण एकदा उथळ पाण्यात नुसता कॅमेरा घेऊन स्नॉर्केल करताना खडकाजवळ श्वास रोखून धरा आणि मग घरी हेडफोन लावून ऐका. तडतड तडतड, कढईत लाह्या फुटत असल्यासारखी. ती कपारीत राहणारी बोटभर कोळंबी, एक नांगी मोठी असते तिची, ती मिटते तेव्हा तो आवाज होतो. अशा हजारो. बाबांना मी ते ऐकवलं तर म्हणाले, खाली तर एवढं शांत वाटलं होतं.

वर आल्यावर कॅमेरा न उघडता गोड्या पाण्याच्या बादलीत अर्धा तास. लगेच सुकू देऊ नका, मीठ सुकलं की त्याचे खडे होतात आणि बटणाच्या दांडीत बसतात. बादलीतच प्रत्येक बटण दहा-वीस वेळा दाबायचं, आतलं खारं पाणी निघतं, बारीक बुडबुडे येताना दिसतात. मग सावलीत पुसून, केस पूर्ण कोरडी झाल्यावर उघडायची. दार बंद करून ठेवून द्यायची नाही, रिंग दबून चपटी होते, थोडं उघडं ठेवायचं. कार्ड त्याच रात्री दोन ठिकाणी कॉपी. आणि विमानाने जाणार असाल तर जादा बॅटऱ्या हातातल्या बॅगेत, चेक-इनमध्ये लिथियमच्या सुट्या बॅटऱ्या चालत नाहीत.

कधी पाणी शिरलंच तर कॅमेरा चालू करून बघायचा मोह टाळा. बॅटरी आधी काढा, कार्ड काढा, सगळं गोड्या पाण्यातून काढा, हो, पाण्यातूनच, मीठ राहिलं तर ते आतून खात जातं, आणि मग दोन-तीन दिवस पंख्याखाली. तांदळाच्या डब्यात ठेवू नका, पीठ आत जातं.

या डिसेंबरातल्या अष्टमीला आम्ही परत जातोय. बाबा आता येणार नाहीत खाली, गुडघ्यांमुळे बोटीची शिडी चढवत नाही त्यांना, पण बोटीवर येणार आहेत, आणि या वेळी दोरी ओढून बघायचं काम आपल्याकडे असेल असं त्यांनी गाइडला फोन करून आत्ताच सांगून ठेवलंय.